न घासलेलं ताट

फोन आला तेव्हा आम्ही ऑफिसात नुकतेच डबे उघडले होते. खालापूरच्या ज्या सरकारी कचेरीत मी एकतीस वर्षं कारकुनी करतेय, तिथं दीड वाजला की फाइली बाजूला सरकवायच्या, टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि एकमेकींच्या भाज्या चाखायच्या, अशी आमची रीत. मोबाइलवर दादाचं नाव दिसलं आणि हातातला घास हातातच राहिला. "लते, रंजना गेली गं," तो म्हणाला. आवाज फुटला होता त्याचा. मी काही बोलणार, एवढ्यात त्याच दमात पुढचं वाक्य आलं... "आता आईचं कसं करायचं?"

या दोन वाक्यांच्या मधे किती जागा होती, याचा मी गेले दोन महिने विचार करतेय. डब्याचं झाकण लावायला लागतो तेवढाही वेळ नव्हता. दुःखात माणसाला भान राहत नाही, त्याला दोष देऊ नये, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मी देते. दादाला देते, धाकट्या प्रकाशला देते, आणि त्या यादीत माझं नाव कुठं येतं तेही सांगणार आहे, म्हणून तर लिहायला बसले.

रंजना माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. कर्जतपासून रिक्षानं वीसेक मिनिटांवर आमचं गाव. पुढं भाताची खाचरं, मागं माथेरानचा डोंगर. ती खालापूर तालुक्यातली. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा मी कॉलेजात होते आणि नवरीकडचे पोहे खायला मिळणार म्हणून मोठ्या हौसेनं गेले होते. मुलगी शिवणकाम करते असं कळल्यावर आईनं तिला सुईत दोरा ओवायला लावला. तिनं एका झटक्यात ओवला आणि मान वर करून आईकडं पाहिलं. परतीच्या एसटीत आई म्हणाली, "पोरगी कामाची हाय." आईची नजर सहसा चुकत नसे, तेव्हाही चुकली नाही. लग्नात माहेरून आलेल्या भांड्यांवर तिच्या वडिलांनी नाव कोरून घेतलं होतं. नुसतंच 'रंजना'. आडनाव बदलणार हे ठरलेलंच होतं, मग ते कशाला घाला, असा त्यांचा हिशोब असावा. त्यात एक जाड काठाचं स्टीलचं ताट होतं. पुढं सगळी गोष्ट त्या ताटापाशी येणार आहे.

पुढची कित्येक वर्षं गावातल्या निम्म्या बायका वहिनीनं शिवलेली पोलकी घालून मिरवत. हात चालू असायचा तसं तोंडही चालू असायचं. गावात कुणाच्या अंगाला काय शोभत नाही, हे ती अशा थाटात सांगायची की जिला सांगितलं तीच हसत सुटे. दादा माथेरानला हॉटेलात मॅनेजर. शनिवार-रविवार तिथं गर्दी, म्हणून त्याची सुट्टी गुरुवारी. आठवड्यातून एक दिवस तो खाली उतरायचा, धुवायचे कपडे घेऊन यायचा आणि इस्त्रीचे घेऊन जायचा. पस्तीस वर्षं नवरा माथेरानला होता आणि वहिनी तिथं एकदाच गेली, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मागच्या अंगणात भांडी घासताना समोर तो डोंगर दिसायचा. "वरती हवा चांगली असते म्हणं," ती म्हणायची, जणू कुणी परदेशातून येऊन सांगितलं असावं तसं.

आईचं विसरणं सुरू झालं त्याला नऊ वर्षं होऊन गेली. एका सकाळी ती नाक्यावरून मेथीची जुडी घेऊन आली, तासाभरानं दुसरी आणि जेवणाच्या वेळी तिसरी. आम्ही हसलो. तिन्ही जुड्या वहिनीनं निवडल्या. मग आईला बाबांचं जाणं आठवेना, मग मोरी कुठं आहे ते आठवेना. कर्जतच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया हा शब्द सांगितला. गावात तो कुणाच्या जिभेवर बसेना, गावानं आपला 'भ्रम' म्हणून टाकला. डॉक्टरांनी समोर बसलेल्या आम्हा तीन भावंडांना विचारलं, "यांच्याजवळ कोण असतं?" आम्ही तिघांनी एकदम मागं वळून पाहिलं. वहिनी दाराशी आईच्या चपला हातात घेऊन उभी होती. चर्चा नाही, वाद नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. माझ्या ऑफिसात साधी खुर्ची हलवायची तरी अर्ज लागतो.

प्रकाश डोंबिवलीला. त्याची बायको नोकरी करते, हे तो दर वेळी असं सांगायचा की जणू वहिनी दिवसभर झोपाळ्यावर बसलेली असते. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, आमच्याकडे त्या माथेरानच्या डोंगरावरून हाकल्या जायच्या. दादा फोनवर विचारायचा, आईला उन्हात बसवलं का, आईची नखं कापली का. प्रकाश मोबाइलवर निरोप पाठवायचा की अक्रोड खायला घाला, शब्दकोडी सोडवायला द्या. आई तेव्हा साडीत करू लागली होती. वहिनी एकदा मला म्हणाली, "वन्सं, भाऊजींना सांगा, कोडं मी सोडवते, लुगडं तुमी बदला." मी हसले. सांगितलं मात्र नाही.

या आजारात एक विचित्र गोष्ट होते आणि ती ज्याच्या घरी हे दुखणं आहे त्यालाच ठाऊक असते. ज्याचं जळतं त्याला कळतं. आपल्या माणसाला जे रोज दिसतं ते पाहुण्याला दिसत नाही. कुणी दारात आलं की आई एकदम सावरून बसायची, पदर नीट करायची, "या, बसा, पोरं कशी हायत?" असं सगळं रीतसर विचारायची. आणि मग हळूच, वहिनीच्या पाठीमागं, "सकाळपासून पोटात काय नाय गं माझ्या. ही जेवाय घालत नाय." शेजारच्या जनाकाकूला तिनं हे इतक्यांदा सांगितलं की जनाकाकू पदराआड वाटी लपवून आणू लागली. आधी जनाकाकूला पटलं, मग आळीला, मग गावाला. ज्या बायकांची पोलकी वहिनीनं शिवली होती त्या तिच्याकडं बघून गप्प होऊ लागल्या. वहिनीनं शपथा घेतल्या, भांडली, एकदा रडलीसुद्धा. मग तिनं तिच्या पद्धतीनं मार्ग काढला.

आईचं जेवण झालं की ती ते ताट घासेना. जाड काठाचं, तिचं नाव कोरलेलं तेच ताट, आईला त्यातच जेवायची सवय लागली होती. तळाशी वरण सुकलेलं, कडेला शेवग्याच्या शेंगेचा चोथा, आईच्या चार बोटांचे फराटे. ते तसंच मागच्या पडवीत कट्ट्यावर ठेवायचं आणि वर बांबूची टोपली पालथी घालायची. कुणी आलं आणि आईनं पालुपद सुरू केलं की वहिनी त्या माणसाला पडवीत न्यायची, टोपली उचलायची आणि म्हणायची, "जेवल्यात त्या. बघा." संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ताट घासून टाकायची, कारण खरकटं ठेवून दिवा लावू नये हे तिला माहेरीच शिकवलेलं. ज्या घरात उष्टं क्षणभर पडलेलं चालायचं नाही, त्या घरात एका बाईला स्वतःच्या खरेपणासाठी रोज उष्टं जपून ठेवावं लागत होतं. दादा गुरुवारी यायचा आणि नाक मुरडायचा, "काय घाण ठेवतेस, मुंग्या लागतात." ती म्हणायची, "मुंग्या खोटं बोलत नायत."

आईला अक्षरं मात्र अजून लागतात. चौथी शिकलेली ती. जेवताना ताटाच्या काठावर बोट फिरवायची आणि वाचायची, "रं... ज... ना." मग समोर घास धरून बसलेल्या वहिनीला विचारायची, "ही रंजना कोण गं?" वहिनी म्हणायची, "असंल कुणीतरी. आ करा." हे मी स्वतः ऐकलंय, एकदा नाही, चार-पाचदा. पहिल्यांदा मी उठून बाहेर गेले, नंतर सवय झाली. माझ्या सवयीचं मला आज जास्त वाईट वाटतं.

आता यादीत माझं नाव. एका भाऊबीजेला मी सकाळीच गावी गेले. आईचं सकाळचं खाणं उरकलं होतं, पडवीत गेले तर टोपलीखालून मुंग्यांची रांग चाललेली. सणाचा दिवस, ओवाळायचं होतं, मला कसंतरी झालं. मी ताट उचललं, मोरीवर नेलं आणि राखेनं घासून लख्ख केलं. मदत केल्याचं समाधान वाटलं मला, तेही सांगते. वहिनी मागल्या दारानं कपडे वाळत घालून आली. "वन्सं, ताट?" "घासलं. मुंग्या लागल्या होत्या." तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. तासाभरात प्रकाश बायकोला घेऊन आला. आईनं त्याचा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाळा, काल रातच्यापासून पोटात अन्न नाय रं." प्रकाश हळवा आहे, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर. त्याचेही डोळे भरले. सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, सणाचा दिवस आहे. म्हातारं माणूस, खाऊन खाऊन खाणार किती?" वहिनी सवयीनं पडवीत गेली, टोपली उचलली आणि खाली मोकळा कट्टा बघून तशीच हळूच खाली ठेवली.

मी तिथंच उभी होते. त्या ताटातलं उष्टं माझ्या बोटांना लागलं होतं. मी म्हणाले, "अरे, जेवली असेल ती." जेवली आहे, असं म्हणाले नाही. जेवली असेल. एकतीस वर्षं कागदांवर शेरे लिहिले मी. 'आहे' आणि 'असेल' यांतला फरक मला कुणी शिकवायची गरज नव्हती. भाऊ वर्षातून एकदा ओवाळायला भेटतो, त्याचं तोंड त्या दिवशी पाडायचं माझ्या जिवावर आलं, इतकंच कारण. वहिनीनं सगळ्यांना वाढलं. माझ्या ताटात करंजी जरा जोरात पडली, तेवढाच तिचा राग.

मराठीत 'बघणं' हे मोठं सोयीचं क्रियापद आहे. मुलगे आईला बघायला येतात आणि सून आईला बघते. दोन्हीकडं शब्द एकच. पहिल्यात चहा मिळतो, दुसऱ्यात करावा लागतो. गावच्या गणेशोत्सवात मंडळानं दादाचा सत्कार केला होता, आईची सेवा करणारा आदर्श पुत्र म्हणून. शाल, नारळ, फेटा आणि अध्यक्षांचं भाषण. दादा लाजला, पण फेटा त्यानं घरी येईपर्यंत उतरवला नाही. वहिनी मंडपात नव्हती. आईजवळ कुणीतरी हवं होतं ना. लाउडस्पीकर घरापर्यंत ऐकू येत होता, तेव्हा भाषण तिनं ऐकलं असणारच. मी मंडपातून परत आले तर ती आईला झोपवून शिवणयंत्रापाशी बसली होती. यंत्रावर आईच्या घड्या केलेल्या चादरींचा ढीग, सुई गंजलेली. "शाल बरी हाय," ती म्हणाली. "आईंच्या पायावर घालायला व्हईल."

आणि 'बघणं'चं तिसरं रूप म्हणजे 'बघू'. आमच्या ऑफिसातला हा सगळ्यात जुना शेरा. नाही म्हणायचं नसतं आणि करायचंही नसतं, तेव्हा 'बघू'. गेल्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले होते. वहिनीनं मला हाताला धरून मागल्या अंगणात नेलं. पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती तिची आणि दोन महिन्यांपासून पुन्हा अंगावर जात होतं. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी पनवेलला जाऊन तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. "दादाला सांगितलंस?" मी विचारलं. "त्यांना काय सांगू, वन्सं? असलं बोलणं. आन् सांगितलं तरी आईंना धुवायला का ते बसणार हायत? तुमी एक दिवस या. एकच दिवस आईंना बघा. मी पहाटच्या गाडीनं जाईन, दिवेलागणीला परत." नऊ वर्षांत तिनं कुणाकडं काही मागितलं असेल तर हा एक दिवस. तोही माझ्याकडं, बाई म्हणून.

मी म्हणाले, "होतं गं असं या वयात. मार्चएंड होऊ दे माझा, मग बघू."

मार्चएंड म्हणजे काय हे सरकारी नोकरीतल्या माणसाला सांगायला नको, पण एका रजेनं सरकार बुडत नसतं हेही त्याला ठाऊक असतं. मार्च संपला. एप्रिलमध्ये ऑफिसची तपासणी लागली, मे लग्नांत गेला, जूनमध्ये पेरणी, मग लावणी. वहिनीनं पुन्हा विषय काढला नाही आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. वाटलं, थांबलं असेल. पुन्हा तेच, 'असेल'. गणपतीत आरतीच्या वेळी ती देवासमोरच खाली बसली ती उठेना. तिच्याखाली फरशीवर रक्त होतं. पनवेलच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टर दादाला बाजूला घेऊन म्हणाले, सहा-आठ महिने आधी आणायला हवं होतं. दादानं घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "ही बोललीच नाय कधी. अंगावर काढलं सगळं." सगळ्यांनी मान हलवली की बायका अशाच असतात, सांगत नाहीत. मीही त्या खोलीत होते, आणि माझी मानही हलली असणार.

आणि मग काय झालं बघा. चार दिवसांत आईला सांभाळायला जवळच्या चौक गावची एक बाई मिळाली. प्रकाशनं पंधरा दिवसांची रजा टाकली. दादा गुरुवार सोडून इतर वारीही डोंगर उतरू लागला. मी ऑफिसात अर्ज दिला, साहेबांनी वाचलासुद्धा नाही, सही केली. नऊ वर्षं जे कुणाला जमत नव्हतं ते चार दिवसांत जमलं. त्यासाठी एका बाईनं मरायला टेकणं तेवढं गरजेचं होतं. चौकची बाई महिनाभरही टिकली नाही. "आजी मारतात, वर आळ घेतात," म्हणून गेली. तिला जाता आलं.

रजा होती तोवर दवाखान्यात मी वहिनीजवळ राहायचे. कुणी तिला देवी करायला निघालं की माझा संताप होतो, म्हणून सांगते, शेवटच्या दिवसांत ती गोड बोलत नव्हती. आईनं जेवण अंगावर फेकलं तेव्हा एकदा आपण आईवर हात उचलला, हे तिनं मला सांगितलं. पश्चात्तापानं नाही, नुसतं घडलं ते सांगावं तसं. "जोरात लागली असंल. लागायलाच मारली होती." जेवणाचं ताट आलं, तिनं दोन घास खाल्ले, आयाबाईनं ताट लगेच उचलून नेलं. वहिनी हसली. "हितं बरंय, वन्सं. जेवल्याचं कुणाला दावायला लागत नाय." भाऊबीजेचं तिच्या मनात होतं की नव्हतं, मला कळलं नाही. मला विचारता आलं असतं, क्षमाही मागता आली असती. मी तिची चादर नीट केली. दिवाळीनंतर अकराव्या दिवशी ती गेली.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर होतो. पिंडाला कावळा शिवेना. कुजबुज सुरू झाली की जीव सासूत अडकलाय, किती माया होती. तेव्हा दादा पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "रंजना, आईची काळजी करू नको. आमी बघू." कावळा आला. बायकांनी डोळे पुसले. मला एवढंच दिसलं की मेल्यावरसुद्धा या बाईची इच्छा काय असेल, तर सासूची काळजी, याबद्दल कुणाच्या मनात शंका आली नाही. तिला तपासणीला जायचं होतं, हे कुणी पिंडासमोर म्हणालं नाही. कावळ्याचं म्हणाल तर बारा वाजत आले होते, त्याला भूक लागली असणार.

त्याच संध्याकाळी 'आमी बघू' याचा अर्थ लागला. दादा म्हणाला, हॉटेल सोडता येत नाही. प्रकाश म्हणाला, आमच्याकडं जागा कुठं आहे? मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं, थेट त्या डॉक्टरांसमोर मागं वळून पाहिलं होतं तसंच. "लते, तुझं आता दीड वर्षच राहिलंय रिटायर व्हायला. आन् शेवटी लेक ती लेक." आम्हा तिघांत दोन मुलगे असून आईला बघायला माणूस शोधताना दोघांची नजर स्वतःवर एकदाही पडली नाही. मी हो म्हणाले. कर्तव्य म्हणून नाही, मायेनंही नाही. माझ्याकडं तिचा एक दिवस राहिला होता.

निघताना वहिनीची मुलगी पल्लवी माझ्याजवळ आली. ती नाशिकला असते, तान्हं मूल घेऊन आली होती. तिनं माझ्या हातात एक घडी घातलेला कागद ठेवला. शिवणयंत्राच्या खणात सापडला म्हणाली. कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागच्या कोऱ्या बाजूला वहिनीचं गोल अक्षर. वर लिहिलेलं, 'वन्संसाठी'. पल्लवी म्हणाली, "आई जानेवारीपासून सांगत होती, वन्सं येणार हायत एक दिवस." माझ्याकडं बघितलंही नाही तिनं.

कागद रिक्षातच वाचला. 'चहात बिस्कीट भिजवून द्या, कोरडं घशात अडकतं. केस विंचरताना कुठं चालले विचारतात, माहेरी म्हणा, खूष होतात. औषधाची गोळी गुळात. उजवी कूस दुखते, डाव्या अंगावर झोपवा. बाथरूमला दर दोन तासांनी न्या, विचारू नका, विचारलं तर नको म्हणतात. मारलं तर मनावर घेऊ नका, त्या मला मारतात, तुम्हाला नाही मारणार. जेवल्यावर ताट घासू नका, तसंच टोपलीखाली ठेवा. मी दिवेलागणीच्या आत येते.'

आई आता खालापूरला माझ्याकडं आहे. मी रजेवर आहे. आमचे हे म्हणतात, "मी आहे ना मदतीला," आणि पेपर घेऊन गॅलरीत बसतात. कागद मी फ्रिजवर चिकटवलाय. सगळं त्याप्रमाणे करते आणि सगळं बरोबर निघतं, एक सोडून. आई मलाही मारते. तिच्या कपड्यांच्या बोचक्यातून जाड काठाचं ताटही आलं. रोज दुपारी ती काठावरून बोट फिरवते, वाचते आणि विचारते, "ही रंजना कोण गं?" मी सांगते, "तुझी सून." आई म्हणते, "माझ्या पोराचं लगीन कुटं झालंय?" दुसऱ्या घासाला पुन्हा विचारते, मी पुन्हा सांगते. 'असंल कुणीतरी' असं मी म्हणणार नाही. एवढं एकच माझ्या हातात उरलंय.

परवा समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मला जिन्यात थांबवलं. फार सभ्य बाई आहेत. म्हणाल्या, "राग मानू नका हं, पण आजी काल दारात उभ्या होत्या. म्हणत होत्या, लेक जेवायला देत नाही." मी हसून काहीतरी बोलले आणि घरात आले. पन्नाशी उलटलेली बाई मी, सरकारी नोकर, आणि वाटत होतं की त्यांना हाताला धरून घरात आणावं आणि काहीतरी दाखवावं. दाखवायला काही नव्हतं. कागदातली तेवढी एक ओळ मी पाळली नव्हती, ताट घासून ठेवलं होतं, सवयीनं.

आज गुरुवार. आईनं वरणभात आणि दुधीची भाजी खाल्ली, अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, ताटात चार बोटं ओढली. बांबूची टोपली इथं कुठली, प्लास्टिकची जाळी आहे. ताट ओट्यावर जाळीखाली ठेवलंय. 'ना'वर वरण सुकलंय. सकाळी दादाचा फोन आला होता, चारच्या सुमाराला येतो म्हणाला, आईला बघायला.